चार थाऊची मोकळीक

सत्त्याऐंशी सालच्या गणपतीत जबलपूरच्या राइट टाउनमधल्या लोकांना एक वेगळीच मिरवणूक पाहायला मिळाली. पुढे एक बुटकी, लालभडक, दोनच सीटांची मोटार आणि तीत एकटे नीलकंठराव खानझोडे, मान ताठ, नजर समोर. मागे वीस-पंचवीस हातांवर एक ऑटो आणि त्यात नीलकंठरावांच्या पत्नी शकुबाई, मांडीवर झाकलेलं मोदकांचं ताट. मोटार वळली की ऑटो वळे, मोटार थांबली की ऑटो थांबे. मराठी मंडळाच्या फाटकाशी दोघं नवरा-बायको बरोबरच उतरले. नीलकंठरावांनी मोटारीला कुलूप लावलं, शकुबाईंनी ऑटोवाल्याला "भैया, आठ बजे आ जाना" म्हणून सांगितलं, आणि दोघं शेजारी शेजारी चालत आत गेले.

मंडळात अशी गोष्ट कोण सोडतो? आरतीला अजून अवकाश होता, तेवढ्यात सेक्रेटरींनी विचारलंच, "काहून जी खानझोडे, वहिनींसाठी गाडीत जागा नाही काय?"

नीलकंठराव उत्तर जुळवत होते, तोवर शकुबाईच बोलल्या. "जागा आहे ना. हवा नाही आहे."

सगळे हसले. नीलकंठरावही हसले, पण ते हसू त्यांना घरी येईपर्यंत टोचत राहिलं. कारण मोटारीची हौस म्हणून त्यांनी मोटार केलीच नव्हती. खमरियाच्या सरकारी कारखान्यात होते तेव्हा तीस वर्षं त्यांनी बायकोला एकच आश्वासन दिलं होतं, रिटायर झालो की फिरू. भेडाघाट, मंडला, पचमढी, अमरकंटक, यादी दर वर्षी लांबत गेली आणि फिरणं मात्र सायकलच्या कॅरिअरवरून बाजारापर्यंतच झालं. आता आपण दोघं, आपली गाडी, मनात आलं की निघायचं, असा त्यांचा बेत होता. म्हणून तर दोन सीटांची केली. त्या दुसऱ्या सीटवर शकु बसणार नसेल तर ही सगळी खटपट कशासाठी, हा प्रश्न त्यांना रोज मोटार पुसताना पडे, आणि उत्तर ठाऊक असल्यामुळे ते फडका जरा जास्तच जोरात फिरवीत.

मोटार त्यांनी घरी जोडली होती. दक्षिणेकडे एका थंड डोंगरी गावात कुणी हौशी कारखानदार फायबरच्या बॉड्या ओतून विकत असे. बॉडी, दारं, बॉनेट, स्क्रूच्या पुड्या असं सगळं खोक्यांतून रेल्वेने यायचं, सोबत एक पुस्तक. चेसिस आणि इंजिन एखाद्या जुन्या मोटारीचं आपण शोधायचं आणि पुस्तकात पाहून जोडत जायचं. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, दोन माणसं, चाळीस दिवस. नीलकंठरावांना लागली दोन वर्षं. काम येत नव्हतं म्हणून नव्हे. खोक्यातून निघालेला एकही भाग त्यांनी मापल्याशिवाय स्वीकारला नाही, आणि मापल्यावर पसंत पडला असा एकही निघाला नाही.

सवयच तशी. कारखान्यात ते मापांच्या खोलीत होते. बाहेर तयार झालेला माल तपासायला त्या खोलीत यायचा. खोली बारा महिने थंड ठेवलेली, दार उघडलं की आपोआप मिटणारं, आत बोलणंसुद्धा हळू आवाजात. तिथे नीलकंठराव पांढरा कोट घालून बसत आणि थाऊच्या हिशोबाने माल पास किंवा नापास करत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा. ही मोजणी त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की पोळी जाड झाली तर ती किती थाऊंनी जाड झाली हे ते ताटावर बसल्या बसल्या सांगत. शकुबाई दुसरी वाढत, बहुधा पहिलीपेक्षा जाड.

तर अशी ही दोन वर्षांची मोटार एप्रिलात रस्त्यावर आली आणि पहिल्याच फेरीला घात झाला. दारांना काचा होत्या, पण पक्क्या ठोकलेल्या. त्या थंड गावच्या कारखानदाराला खिडकी उघडावी असं जन्मात कधी वाटलं नसावं. पायाशी एक झडप होती, तिच्यातून इंजिनाची गरम वाफ तेवढी यायची. दोघं दुपारी चारला ग्वारीघाटला निघाले. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं आणि मालगाडी जी समोर येऊन उभी राहिली ती हलेचना. शकुबाई आधी म्हणाल्या, गरम होते. मग म्हणाल्या, खूपच गरम होते. मग त्या गप्प झाल्या. नीलकंठराव मालगाडीचे डबे मोजण्यात गुंतले होते. शेजारचं दार कधी उघडलं ते त्यांना कळलंच नाही; मान वळवली, तर शकुबाई पानाच्या टपरीशी जमिनीवर बसलेल्या आणि पानवाला त्यांच्या तोंडावर पाणी मारतोय.

त्या दिवशी शकुबाई ऑटोने घरी आल्या. चहा घेतला, पदर सारखा केला आणि सांगितलं, "या दारातून माझा हात ज्या दिवशी बाहेर निघेल त्या दिवशी बसीन. तोवर नाही." प्रतिज्ञा वगैरे करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणूनच ती मोडेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता.

मंडळातल्या त्या हसण्यानंतर मात्र नीलकंठरावांनी मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी ते नेपियर टाउनात पुंडलिक नारनवरेकडे गेले. पुंडलिक ऑटोची हुडं शिवायचा, सीटा भरायचा आणि मेटाडोरच्या खिडक्या बसवायचा. या लाल मोटारीच्या सीटाही त्यानेच शिवल्या होत्या. त्याने दारावर टिचकी मारून पाहिली.

"दार तर पापड हाय साहेब. काच खाली उतरवाले याच्या पोटात जागाच नाही. सरकत्या करा लागतीन. दोन काचा, खाली-वर पट्टी. एक काच जाग्यावर, दुसरी सरकून राहिली."

"ते मलाही कळते," नीलकंठराव म्हणाले. "पट्टीच्या खाचेत काच किती ढिली ठेवतो तू, ते सांग."

पुंडलिकने अंगठ्याचं नख दाखवलं. "इतकी. मंग मखमलीची फीत भरतो. मस्त चालते."

"आणि मस्त खडखडते. मखमल म्हणजे चुकीवर घातलेलं पांघरूण आहे, पुंडलिक."

"साहेब, पातळ दाराले खरी काच झेपत नाही, अ‍ॅक्रेलिकच टाका लागते. अन् अ‍ॅक्रेलिक उन्हात फुगते बाप्पा. मोकळं ठेवा जरासं."

"ठेवीन ना. चार थाऊ ठेवीन."

पुंडलिकला थाऊ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण चार म्हटल्यावर पुष्कळ असेल असं समजून तो पुन्हा शिलाईकडे वळला. तिथेच थोडा जास्त बोलला असता तर ही गोष्ट घडली नसती, पण गिऱ्हाईकाला दुसऱ्यांदा सांगायचं नाही हा त्याचा नियम होता आणि रिटायर झालेल्या साहेबांच्या बाबतीत तो फारच शहाणपणाचा नियम आहे.

दसऱ्यापासून पोर्चमध्ये काम सुरू झालं. आधी जुन्या पक्क्या काचा काढायच्या होत्या. स्वतः घासून पॉलिश केलेल्या दाराला हॅक्सॉ लावताना नीलकंठरावांचा हात दोनदा मागे आला. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या, त्यांच्यात दोन समांतर खाचा होत्या, पण त्या नीलकंठरावांच्या मते ओबडधोबड, म्हणून कानशीने घासून, पॉलिश पेपर मारून त्या सरळ केल्या. अ‍ॅक्रेलिक कापलं. पत्र्याच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो, फीलर गेज म्हणतात त्याला, त्यातलं चार थाऊचं पातं काच आणि पट्टी यांच्या मध्ये घालून पाहायचं, अडलं तर दोन हात कानस, पुन्हा पातं. डिसेंबर उजाडला. जबलपूरची थंडी पोर्चमध्ये उतरली, नीलकंठराव स्वेटरवर मफलर गुंडाळून काम करू लागले आणि काम अधिकच सुरेख होऊ लागलं. थंडीत त्यांचा हात नेहमीच चांगला चालायचा.

शकुबाई कधी कधी मटार सोलत पायरीवर येऊन बसत. एकदा म्हणाल्या, "मी बसून पाहू काय? हात कुठवर येतो ते तरी कळेल."

"तयार झाल्यावर बस," नीलकंठराव म्हणाले. "मध्येच बसली तर धूळ लागते."

संक्रांतीला काचा तयार झाल्या. नीलकंठरावांनी एका बोटाने शेजारच्या दाराची काच सरकवून दाखवली. ती आवाज न करता गेली आणि आवाज न करता परत आली. शकुबाईंनी नवी साडी नेसली होती. त्या दाराजवळ आल्या, बाहेरूनच उघड्या खिडकीतून हात आत घातला, मग आत बसून तोच हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "चला."

त्या महिन्यात दोघं जितकं फिरले तितकं तीस वर्षांत फिरले नव्हते. ग्वारीघाट झाला, तिलवारा झाला, भेडाघाट दोनदा झाला. शकुबाई कोपर खिडकीत टेकवून बसत आणि बोलत. घरात चार शब्दांत काम भागवणारी ही बाई वाऱ्याला लागली की थांबायची नाही. कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, नेपियर टाउनातल्या कुठल्या दुकानात लोकर चांगली मिळते, रस्त्याच्या कडेच्या त्या देवळाचा रंग बदलला, सगळं. भेडाघाटला त्यांनी उकडलेले शिंगाडे घेतले आणि परतीच्या वाटेवर सालं खिडकीतून बाहेर टाकली. नीलकंठराव ऐकत होते शकुबाईंना, आणि ऐकत होते काचेलाही. काच खडखडत नव्हती. आनंद दोन होते. त्यातला मोठा कुठला हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

मार्चअखेर काच थोडी जड चालू लागली. नीलकंठरावांनी खाचेत मेणबत्ती फिरवली. एप्रिलात पुन्हा फिरवली. धूळ असेल म्हणाले. तसंही उन्हाळ्यात दोघं सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत परत येत, त्यामुळे फार काही कळलं नाही.

आणि मे महिन्यात मंडल्याचं लग्न आलं. मंडल्याला शकुबाईंची धाकटी बहीण बेबी, आणि बेबीची मुलगी विनीता. मावशीने आदल्या दिवशी दुपारपर्यंत यायलाच पाहिजे, अशी तीन पत्रं आली होती. सकाळी सहाला निघायचं ठरलं. पण मोठा प्रवास म्हणून नीलकंठरावांनी चाकांची हवा तपासली, मग प्लग काढून पाहिले, मग ते पाहिलेले प्लग परत बसवले, आणि मोटार हलली तेव्हा दहा वाजून गेले होते. शकुबाईंनी उशिराचं मनावर घेतलं नाही. खिडकी उघडी होती, वारं गरम का होईना पण होतं, आणि बेबीकडे पहिल्यांदाच स्वतःच्या मोटारीतून उतरायचं होतं. त्यांनी आहेराची पिशवी पायाशी ठेवली आणि कोपर टेकवलं.

बरेला मागे पडलं. पुढे रस्त्याचं काम चाललेलं. गिट्टीने भरलेला एक ट्रक समोर आला आणि त्याला ओलांडायला जागा नव्हती. धुळीचा लोट आत शिरला तसं शकुबाईंनी काच लावून घेतली. नीलकंठरावांनीही त्यांच्या बाजूची लावली. दहा-पंधरा मिनिटं ट्रकच्या मागे मागे गेली. मग एकदाचा तो डावीकडे खडीच्या ढिगाकडे वळला, रस्ता मोकळा झाला आणि शकुबाईंनी काच सरकवायला हात घातला.

काच हलली नाही.

"ओढ जरा," नीलकंठराव म्हणाले.

"ओढूनच राहिली ना."

"दोन हातांनी ओढ."

शकुबाईंनी दोन हातांनी ओढली. नीलकंठरावांनी एका हाताने स्टिअरिंग धरून आपली ओढून पाहिली. तीही जागच्या जागी. डोक्यावर फायबरचं छत, समोर साडेअकराचं ऊन, पायाशी इंजिनाची वाफ. शकुबाई म्हणाल्या, "गरम होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, खूपच गरम होते." आणि मग त्या गप्प झाल्या.

हे गप्प होणं नीलकंठरावांच्या ओळखीचं होतं. पुढच्याच वळणावर एक मोहाचं झाड दिसलं, तिथे त्यांनी गाडी जवळजवळ शेतातच घातली, धावत जाऊन पलीकडचं दार उघडलं आणि शकुबाईंना हाताला धरून सावलीत बसवलं. सुरईतलं पाणी दिलं, पदर ओला करून दिला, पुस्तकाने वारा घातला. मोटारीच्याच पुस्तकाने, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं.

पाच मिनिटांनी शकुबाईंच्या तोंडावर रंग आला. त्या उठल्या, मोटारीतून आपली पिशवी काढली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर नेऊन ठेवली. "मंडल्याची बस येईल अर्ध्या-पाऊण तासात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी तिनं जाते. अन् याच्यापुढे मला गाडीत बस म्हणू नका. तुम्ही हौसेनं केली, तुम्ही फिरवा. मी रागावली नाही आहे."

रागावल्या असत्या तर बरं, असं नीलकंठरावांना झालं. राग उतरतो. हे बोलणं उतरणारं नव्हतं. अर्ध्या तासात काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी हत्यारांची पेटी काढली, दाराच्या वरच्या पट्टीचे स्क्रू खोलले, दोन्ही काचा बाहेर घेतल्या, सावलीत आणल्या, धूळ असेल म्हणून सुरईतल्या पाण्याने धुतल्या, पट्टीही पुसली. मग झाडाखालीच बसून काच पट्टीत घालून पाहिली. एका बोटाने सरकली. आवाज न करता गेली, आवाज न करता आली.

"बघ," ते उजळून म्हणाले. "काही झालं नाही आहे. माल ओके आहे."

शकुबाईंनी काचेकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. "मंडल्यापर्यंत सावलीतून जाणार आहे काय गाडी?"

नीलकंठरावांनी काच उचलली, मोटारीच्या बॉनेटवर उन्हात ठेवली आणि शेजारी पट्टी धरून उभे राहिले. तापल्यावर काच पट्टीत घालून पाहिली. आत जाईना. आता फीलर गेज लागत नव्हतं, डोळ्यांना दिसत होतं. तापलं की वाढतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. खात्याच्या परीक्षेत त्यांनी ते लिहून मार्क मिळवले होते. पण तीस वर्षं प्रत्येक वस्तू त्या खोलीत थंड होऊनच त्यांच्या हातात आली होती. फुगलेली वस्तू त्यांनी कधी धरलीच नव्हती.

"खोली नेहमी थंड असायची ना," ते पुटपुटले. कुणाला सांगत होते कोण जाणे. "ध्यानातच आलं नाही."

"मला माहीत आहे," शकुबाई म्हणाल्या. "खोली थंड होती म्हणूनच तर गार डबा चालत नव्हता तुम्हाला."

नीलकंठरावांनी वळून पाहिलं.

"साडेअकराला डबेवाला यायचा. म्हणजे अकराला पोळ्या," शकुबाई सांगू लागल्या. आवाज तक्रारीचा नव्हता. भेडाघाटच्या वाटेवर बोलत, तसंच बोलत होत्या. "मे महिन्यात क्वार्टरची खिडकी उघडली की लूची झळ आत यायची अन् स्टोव्ह विझायचा. मग मी खिडकी लावून घेऊन करत होती. दोनदा पडली मी तिथे. शेजारच्या राधाबाईनं पाणी मारलं, तेव्हा उठली. दुसऱ्यांदा पडली त्या दिवशी डबा उशिरा गेला होता. तुम्ही घरी येऊन विचारलं होतं, आज उशीर काहून झाला."

"मला काहून नाही सांगितलं?"

"सांगायचीच होती. पण तुम्ही संध्याकाळी यायचे तोवर वारं सुटलेलं असायचं. ओट्यावर बसून तुम्ही म्हणायचे, वा, मस्त हवा आहे. मग काय सांगू?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. नीलकंठरावांना लाज वाटली, साधी, सरळ, कान तापवणारी लाज. आपण रोज दुपारी त्या थंड खोलीत डबा उघडत होतो आणि पोळीला हात लावून ती पुरेशी गरम आहे की नाही ते पाहत होतो. कितीतरी वेळा ती जाड झाली म्हणून सांगितलं होतं. ती कुठे होते, किती तापलेल्या जागेत होते, हे पाहायला आपण एकदाही दुपारी घरी गेलो नाही. आणि आता शकुसाठी म्हणून खिडकी केली, तीही थंडीत बसून, तिला न बसवता.

त्यांनी पेटीतून कानस काढली. फीलर गेज हाताला लागलं, ते बाजूला ठेवलं.

"किती काढू?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"काचेचं. किती मोकळी पाहिजे तुला?"

हा प्रश्न आपल्याला आहे हे शकुबाईंच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग त्या उठून जवळ आल्या आणि अंगठ्याचं नख काचेच्या कडेला टेकवून दाखवलं. "इतकी."

"खडखडेल मग."

"खडखडू द्या ना. कुणाची झोपमोड होणार आहे?"

नीलकंठरावांनी मान हलवली. काच तापलेलीच घासायला हवी होती, सावलीत नेली की ती पुन्हा खोटं बोलणार. म्हणून त्यांनी ती बॉनेटवरच आडवी ठेवली, अर्धी कड बाहेर काढली आणि कानस लावली. पहिल्याच फटक्याला काच निसटली. पुन्हा सारखी केली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा निसटली नाही. शकुबाईंनी पदर दुहेरी करून तळव्याखाली घेतला होता आणि दोन्ही हातांनी ती दाबून धरली होती.

"तू सावलीत जा, शकु. परत चक्कर येईल."

"इथे हवा आहे," शकुबाई म्हणाल्या. "तुम्ही घासा."

पांढरा भुगा उडू लागला. नीलकंठराव घासत राहिले, मापल्याशिवाय, आयुष्यात पहिल्यांदाच. एक काच झाली. दुसरी अर्धी झाली असेल, तेव्हा वळणावर हॉर्न वाजला. मंडल्याची बस. दगडावरची पिशवी पाहून ड्रायव्हरने आपणहून ब्रेक लावला आणि कंडक्टर पायरीवर लोंबकळत खाली वाकला. "मंडला? आ जाओ अम्मा, सीट खाली है."

नीलकंठरावांची कानस थांबली. बस म्हणजे उघड्या खिडक्या, दीड तासात मंडला, बेबीच्या दारात वेळेवर पोचणं. या मोटारीला अजून निदान तास होता, आणि तिने वाटेत आणखी काय दाखवलं असतं याची खात्री तिच्या कर्त्यालाही उरली नव्हती. चार महिन्यांपूर्वी ते काहीतरी बोलून तिला थांबवायला धडपडले असते. आता तसं करवेना.

"तू जा," ते म्हणाले. "खरंच जा. मी हे करतो अन् मागून येतो. तुझी तिथे वाट पाहून राहिले असतील."

शकुबाईंनी बसकडे पाहिलं. खिडकीजवळची सीट खरोखरच रिकामी दिसत होती.

"नहीं भैया, आप निकलो," त्यांनी कंडक्टरला सांगितलं. "हमारा काम चल रहा है."

कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली. बस निघाली, तिची सगळी धूळ दोघांच्या अंगावर आली आणि शकुबाईंनी डोळे मिटून घेतले. हात मात्र काचेवरून काढले नाहीत.

"बघत काय बसले?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "लवकर करा ना. माझे हात भाजून राहिले."

नीलकंठराव पुन्हा कानस चालवू लागले.